पाचवी प्रत

पत्र्या मारुतीच्या मागे, बोळात, दुकान आहे.
आजोबा खोगीर शिवायचे, वडील खतावण्या,
मी प्रबंध शिवतो.
टाका तोच. घोडे गेले.

न्याराद्झो आली ती सुट्या कागदांचे पाच गठ्ठे घेऊन.
मरून रेक्झिन, कण्यावर सोनेरी अक्षरं.
मौखिक कथा, मी वाचलं. म्हणजे तोंडच्या?
"आजीच्या तोंडच्या," ती म्हणाली.
मराठी तिचं कोंढव्याच्या भाजीवालीकडचं,
"हाय का नाय" सकट.

मग सांग की एखादी.
तिनं घड्याळ पाहिलं. चार.
"दिवसा नाय. सांगणाऱ्याला शिंगं फुटतात."
मी खळीचा डबा खाली ठेवला.
आमच्यात मामा वाट चुकतो, म्हटलं.
मग बराच वेळ
काम काही झालं नाही.

गुरुवारी पाणी बंद होतंच, सातला दिवेही गेले.
शटर अर्ध्यावर, मेणबत्ती शिकंज्यावर.
ती म्हणाली, पाइव्हापो.
मी गप्प.
"काका, तुम्ही म्हणायचं, झेपफुंदे.
नाय म्हटलं तर गोष्ट तिथंच उभी राहते,
पाय दुखेपर्यंत."

तर, जंगलात दुष्काळ पडला.
झेपफुंदे.
सगळ्यांनी मिळून विहीर खणली, ससा आला नाही.
झेपफुंदे.
रात्री येऊन पाणी मात्र प्यायला, वर पाय धुतले.
(असा आमच्या सोसायटीत एक आहे, पण मी बोललो नाही.)
झेपफुंदे.
राखणीला माकड बसलं, फसलं. सिंह बसला, तोही.
मग कासव पाण्यात उतरलं, पाठीला चिकटा लावून.
कसला चिकटा?
ती थांबली. "डिंक असेल."
पाण्यात डिंक टिकत नाही. खळ म्हण. मोरचूद घातलेली.
मेणबत्तीत तिचे दात दिसले.
"पाठीला खळ लावून," ती म्हणाली, "मोरचूद घातलेली."
झेपफुंदे!
ससा कसा चिकटला ते मी इथं सांगत नाही,
ते हातांनी सांगायचं असतं.
शेवटी तिनं काहीतरी लांबलचक म्हटलं.
अर्थ एवढाच, की सांगणारा इथं संपला.
आम्ही साठा उत्तरांची पाचा उत्तरी करतो,
सुफळ संपूर्ण करतो,
सांगणाऱ्याचं काय झालं ते विचारत नाही.

दिवे आल्यावर तिनं जुना मसुदा दाखवला.
मार्गदर्शकांची लाल पेन्सिल.
एकेचाळीस झेपफुंदे, एकेचाळीस काट.
समासात बारीक अक्षर, पुनरुक्ती, काढावी.
काढली होती तिनं. पदवी हवी तर काय करणार.

चार प्रती विद्यापीठाच्या.
पाचवी आजीची, जिला वाचता येत नाही.
ती काय करेल हिचं?
"उशाला घेईल. नाहीतर मडक्यावर ठेवेल."

त्या रात्री मी पाचवी उसवली.
जिथं जिथं गोष्ट दम घेते असं वाटलं
तिथं एक कोरं पान घातलं.
शोना येत नाही मला, इंग्रजी जेमतेम,
अंदाजानंच घातली. चुकलीही असतील.
जुजबंदी नव्यानं केली.
कोऱ्या पानांचे पैसे लावले नाहीत.

तिनं हातात घेऊन तोलली.
"ही जाड का?"
हुंकार आहेत, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
रेक्झिनवर एक बुडबुडा राहिला होता,
तो अंगठ्यानं दाबत राहिली. तो काही बसला नाही.

आठ महिन्यांनी फोनवर एक आवाज आला.
अकरा मिनिटं. म्हातारा, खरबरीत,
मध्ये कोंबडं, मध्ये खोकला.
कळलं काही नाही.
पण ती मध्येच थांबायची,
आणि मागं कोणी उत्तर देत नव्हतं.
तेवढी जागा सोडलेली होती.

गिऱ्हाईक उभं होतं, दवाखान्याची रजिस्टरं घेऊन.
मी मोठ्यानं म्हटलं.
गिऱ्हाईक म्हणालं, काय?
मी पुन्हा म्हटलं.

तिकडं रात्रीच सांगितली असणार,
इकडं पोचली तेव्हा साडेतीन, ऊन टकटकीत.
मामा तर माझे तिघंही गेले.
आता वाट चुकायला
कोण उरलंय.